नागभीडला नव्याने राहायला आलो: ओळखी कुठून सुरू कराव्या, रविवारी फिरावं कुठे?

सांगलीची_हिशेबनीस
नवऱ्याची बँकेतली बदली झाल्यामुळे जूनमध्ये सांगलीहून नागभीडला (जि. चंद्रपूर) आलो. मुलगी सात वर्षांची, दुसरीत. माझं काम घरून चालतं: छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रं. घरमालक, दूधवाले काका आणि शाळेतल्या मॅडम सोडल्या तर इथे कुणी ओळखीचं नाही. बदली तीन वर्षांची धरून चाललोय.

विचारायचं ते असं. एक, इथे बाहेरून आलेल्या बाईने ओळखीला सुरुवात कुठून करायची? दोन, रविवारी स्कूटरवर तिघांनी जाऊन यावं अशी जवळची ठिकाणं कोणती, आणि ‘तिकडे वाघ आहे’ म्हणतात त्याचा नेमका नियम काय? तीन, बाजारात निम्मे शब्द कळत नाहीत. चार, इथे माझ्या कामाला जागा आहे का? ‘हळूहळू होतील ओळखी’ एवढं उत्तर नको. महिना, वार, वेळ, कुणाकडे जायचं, असं सांगितलंत तर फार मदत होईल.

धानाची_बांधी
ताई, इकडे ओळखी करायच्या तर आधी धान कोणत्या अवस्थेत आहे ते पाहा. सध्या रोवणी आहे. जुलैपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, पाऊस लांबला तर महिनाअखेरपर्यंत, अर्धा तालुका बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, वाकलेला असतो. बाया सकाळी आठला निघतात, दिवेलागणीला येतात आणि आल्या की चुलीपाशी. या दिवसांत कुणाच्या घरी बसायला जाल तर ‘या जी’ म्हणतील, चहाही देतील, पण त्यांची पाठ मोडलेली असते. म्हणून ऑगस्टमध्ये घरी जाणे टाळा, बाजारात भेटा.

पहिली मोकळीक पोळ्याला, म्हणजे श्रावण अमावास्येला. संध्याकाळी आखरावर, म्हणजे गावाच्या मोकळ्या जागेवर, तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहतात, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हटल्या जातात. तिथे नुसते जाऊन उभे राहा. खरे तुमच्या कामाचे आहे ते दुसऱ्या दिवशी, तान्हा पोळा. सांगलीकडे हा नाही. लहान पोरे लाकडी नंदी सजवून एका ठिकाणी जमतात, मग घरोघरी फिरतात आणि प्रत्येक घरी त्यांना बोजारा मिळतो, म्हणजे चार पैसे किंवा खाऊ. मुलीला नंदी घेऊन द्या आणि तिच्यासोबत वॉर्डातली वीस-पंचवीस घरे फिरा. एरवी अनोळखी घराच्या ओसरीवर चढायला कारण लागते, त्या दिवशी लागत नाही. घरी येणाऱ्या पोरांसाठी दहाच्या पन्नास तरी नोटा आधीच सुट्या करून ठेवा. त्या दिवशी गावात सुटे मिळत नाही. पोरे रिकाम्या हाताने परत गेली तर ते घर लक्षात राहते.

नंतर कोजागिरीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत महिनाभर पहाटे काकड आरती. रोज जमले नाही तरी आठवड्यातून दोनदा, पण ठरलेल्या वारी जा. इथे माणूस ओळखला जातो तो एकाच जागी एकाच वेळी पुन्हा दिसल्याने. दहा ठिकाणी एकेकदा गेल्यापेक्षा एका ठिकाणी दहादा गेलेले बरे. गुरुदेव सेवा मंडळाची संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना बहुतेक गावांत असते. तिथे वर्गणी नाही, आमंत्रण लागत नाही, मागे बसले तरी चालते.

दिवाळीनंतर कापणी आणि चुरणे, म्हणजे मळणी. तेव्हा पुन्हा माणूस शेतात. भाऊबीजेपासून मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात, त्या होळीपर्यंत नाटक आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांच्याबरोबर चालतात. चुरणे आटोपले की हा काळ सगळ्यांत मोकळा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मेमध्ये तेंदूपान आणि लग्ने. मे महिन्यात नवीन ओळख होत नाही, तेव्हा उन्हामुळे बारा ते पाच दारेच बंद असतात. शेजारच्या ब्रह्मपुरीचे तापमान देशाच्या यादीत वर का येते ते तेव्हा कळेल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो म्हणजे मनाला लागणार नाही. पहिल्याच भेटीत ‘आडनाव काय?’, ‘कोण्या गावचे?’, ‘तिकडे कोण कोण राहते?’ असे प्रश्न येतील, जातही विचारतील. बऱ्याचदा विचारणारा तुम्हाला कुठल्या तरी ओळखीच्या धाग्याला बांधून पाहत असतो. गावाचे नाव सांगा, तिथे काय पिकते ते सांगा, आणि लगेच उलट विचारा, ‘तुमचे माहेर कोणते जी?’ माहेर निघाले की बाई अर्धा तास बोलते. जातीचे उत्तर द्यायचेच असे काही नाही. ‘सांगलीचे, ऊस-द्राक्षवाले’ म्हटले तरी पुढे जाता येते.

कोचईचं_पान
वरच्या उत्तरात बाजाराचे राहिले, ते मी सांगते.

आठवडी बाजाराला सकाळी दहाच्या आधी किंवा दुपारी चारनंतर जा. सकाळी माल ताजा आणि विकणारी मोकळी असते. संध्याकाळी भाव उतरतो, पण गर्दीत कुणी बोलत नाही. पहिले चार आठवडे एकाच बाईकडून भाजी घ्या. ती कोणत्या खेड्याची आहे ते विचारून ठेवा. पाचव्या बाजाराला ती स्वतःहून तुमच्यासाठी काहीतरी बाजूला ठेवेल, आणि त्या खेड्यातली मंडई असली की पहिले आमंत्रण तिचेच येईल.

शब्द असे. सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीबरोबरचे सांबार नव्हे. ‘दहाचा सांबार द्या’ म्हणायचे. भेदरे म्हणजे टोमॅटो, आलू म्हणजे बटाटे, बरबटी म्हणजे चवळीच्या शेंगा, फल्ली म्हणजे भुईमूग. पोपट मागितला तर वालाच्या शेंगा मिळतील. कोचई म्हणजे अळू, पानांच्या वड्या होतात आणि जमिनीतल्या कंदाची भाजी. कोचई चिरताना हाताला तेल लावा आणि भाजीत चिंच किंवा आंबट ताक घाला, नाहीतर घसा खवखवतो. पावसाळ्यात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आणि सात्या, म्हणजे रानातली अळिंबी येते. वास्ते चिरून रात्रभर पाण्यात ठेवा, ते पाणी फेकून नव्या पाण्यात उकळा, तेही पाणी फेका, मग भाजी करा. कडूपणा जातो आणि बाधतही नाही. सात्या मात्र ओळखीच्या बाईकडूनच घ्या. रस्त्यावर अनोळखी माणसाने धरलेली टोपली कितीही स्वस्त असली तरी नको. रानातल्या अळिंबीत विषारी कोणती हे नवीन माणसाला रंगावरून कळत नाही.

बोलण्यात ‘करून राहिली’, ‘येऊन राहिले’ हे चालू काळासाठी आहे, राहण्याशी त्याचा संबंध नाही. ‘तुम्ही काय करून राहिल्या?’ म्हणजे ‘काय करताय?’ ‘काहून’ म्हणजे का. ण आणि ळ पुष्कळदा न आणि र होतात: पानी, डोरा, तांदूर. त्याची नक्कल करू नका, हसूही नका, नुसते समजून घ्या. आपली सांगलीची भाषाच बोला. ‘जी’ मात्र लगेच उचला: हो जी, नाही जी, बसा जी. वयाने मोठ्या बाईला काकू किंवा आजी, बरोबरीच्या बाईला ताई, पुरुषाला भाऊ. ‘बे’ हा शब्द पोरे आपसात वापरतात, तुमच्या मुलीच्या तोंडी घरी येईल. तो मोठ्यांना लावायचा नाही एवढे तिला सांगून ठेवा.

बचत गटाबद्दल कुणीतरी सुचवेलच. गटात दहा ते वीस बाया असतात, दर महिन्याला ठरलेली बचत आणि बैठक. ओळखीसाठी जागा फार चांगली. पण तुमची बदली होणारी, म्हणून सभासद होताना दोन गोष्टी स्पष्ट बोला: कर्ज घेणार नाही, आणि कुणाच्या कर्जाला जबाबदारही राहणार नाही. गट सोडताना बचत कशी परत मिळते ते ठरावाच्या वहीत काय लिहिले आहे ते वाचा. त्यापेक्षा सोपा रस्ता असा: सभासद न होता वह्या लिहायला मदत करा. बऱ्याच गटांत रोकड वही आणि सभासदांची पासबुके यांचा मेळ लागत नाही आणि अध्यक्ष बाई महिनाअखेरीस रडकुंडीला येते. तुमचे तर हेच काम आहे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाणाची किंमत मोठी ठेवू नका. इथे परतफेडीचा हिशेब मनात राहतो, महाग वाण दिले की समोरच्या बाईला पुढच्या वर्षी ओझे होते. स्टीलची छोटी वाटी किंवा चाळणी पुरे.

बिटाची_वाट
वाघाबद्दल. नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, चिमूर या पट्ट्यात ताडोबाबाहेरही वाघ कायमचे राहतात, नुसते येऊन-जाऊन नाहीत. घोडाझरीला २०१८ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. ताडोबा आणि उमरेड-कऱ्हांडला यांच्यात जनावरे ये-जा करतात त्या वाटेवरच आपला तालुका आहे. त्यामुळे ‘अमुक रस्त्यावर वाघ नाही’ असे कुणी सांगितले तरी मानू नका, आणि ‘वाघ आहे’ म्हणून घरातही बसू नका. नियम वेळेचा आहे. जंगलाला लागून असलेल्या रस्त्यावर सूर्योदयानंतर तासाभराने शिरायचे आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी बाहेर पडायचे. सकाळचे फिरणे गावातल्या डांबरी रस्त्यावर, शाळेच्या मैदानावर. नाल्याच्या काठाने किंवा तुरीच्या बांधाने नाही.

दुसरी गोष्ट, वाकणे आणि बसणे. उभा माणूस वाघाला त्याच्या नेहमीच्या भक्ष्यासारखा वाटत नाही, वाकलेला किंवा उकिडवा बसलेला चार पायांच्या जनावरासारखा दिसतो. मोहफुले वेचताना, तेंदूपाने तोडताना आणि शौचाला गेलेल्या माणसांवर हल्ले जास्त का होतात त्याचे हे मोठे कारण. म्हणून रस्त्याकडेला झुडपाजवळ गाडी लावून मुलीला ‘इथेच बस’ म्हणू नका. थांबायचे तर मोकळ्या जागी, गावाच्या तोंडाशी, बसस्टॉपवर.

वाघ रस्त्यात दिसला तर गाडी थांबवा, इंजिन चालू ठेवा, हॉर्न नको, खाली उतरू नका, पाठ दाखवून पळू नका. तो बहुतेक वेळा ओलांडून जातो. पाच मिनिटे थांबा, कारण मादी असेल तर मागून पिल्ले येतात. अर्धवट खाल्लेले जनावर दिसले, किंवा एका जागी कावळे आणि दुर्गंधी असली तर तिथे थांबू नका. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक फोनमध्ये ठेवा. आणि जिथे ‘वाघ बसला आहे’ म्हणून शंभर माणसे जमली आहेत तिथे तर अजिबात जाऊ नका. वेढलेला वाघ गर्दीवर येतो, तेव्हा पळता न येणारे लहान मूलच मागे राहते.

खरे सांगायचे तर स्कूटरवाल्याला वाघापेक्षा रानडुक्कर आणि बसलेली जनावरे जास्त नडतात. पावसाळ्यात शेते ओली असतात म्हणून गाई-म्हशी रात्री कोरड्या डांबरावर बसतात. काळी म्हैस काळ्या रस्त्यावर वीस फुटांवर येईपर्यंत दिसत नाही. अंधारात ताशी तीस-पस्तीसच्या वर जाऊ नका. डुक्कर एक गेले की लगेच गाडी पुढे काढू नका, कळप असतो.

आता ठिकाणे. घोडाझरीचा तलाव नागभीडकरांचे पहिले ठिकाण. पाऊस चांगला झाला की ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सांडव्यावरून पाणी पडते आणि रविवारी गर्दी उसळते. शनिवारी सकाळी किंवा आठवड्यातल्या सुट्टीला जा. सांडव्याच्या दगडावर शेवाळ असते, घोट्याएवढ्या पाण्यातही पाय सरकतो, फोटोसाठी कडेला कुणालाही उभे करू नका. सात बहिणींचा डोंगर, म्हणजे पेरजागड, वरून जंगल छान दिसते, पण सात वर्षांच्या मुलीला घेऊन पावसाळ्यात नको. डिसेंबर-जानेवारीत जा, चार-पाच जणांचा गट करून, दिवसा. तिथल्या कड्यांना आग्या मोहोळाची पोळी असतात. अत्तर, अगरबत्ती, विडी, चूल, मोठा आवाज, काहीच नको. माश्या उठल्या तर हात झटकायचे नाहीत, तोंड-डोके ओढणीने झाकून खाली आणि दूर निघायचे, पाण्यात उडी टाकायची नाही. कपाऱ्यांत अस्वल असू शकते, म्हणून गुहेत डोकावणे नाही.

मुलीला सगळ्यांत आवडेल तो आगगाडीचा दिवस. नागभीड जंक्शन आहे, गोंदिया-बल्लारशा मार्गावर. नागपूरची नॅरोगेज २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली, पण ही लाइन सुरू आहे. सकाळच्या गाडीने ब्रह्मपुरीवरून वडसा: मध्ये वैनगंगेचा पूल लागतो, पावसाळ्यात नदी काठोकाठ असते. परतीच्या गाडीची वेळ आधी स्टेशनवर विचारून निघा, दिवसात गाड्या मोजक्या आहेत. चुकली तर एसटी.

वडशाला जाताना एवढे ध्यानात ठेवा की वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्हा. तिथे १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यातली बंदी २०२१ मध्ये उठली, म्हणून इकडून कुणी पाहुणा पिशवीत बाटली घेऊन निघतो आणि पुलापलीकडे तो गुन्हा ठरतो.

पावसात कोणत्याही रपट्यावरून, म्हणजे ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर थांबा, अगदी फूटभर असले तरी. स्कूटर खालून उचलली जाते आणि रपट्याची कड दिसत नाही. पाऊस आपल्याकडे नसतानाही नदी वाढू शकते: वर गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे आहेत, ते उघडले की वैनगंगाकाठचे रस्ते बंद होतात. २०२० च्या ऑगस्टअखेरीस असाच मोठा पूर आला होता. निघण्याआधी एसटी डेपोत विचारा. गाडी सोडली की नाही यावरून रस्ता कळतो.

सांगलीची_हिशेबनीस
किती नीट सांगितलंत, मनापासून आभार. नंदीचं आजच विचारते. अजून तीन प्रश्न. मुलीला रात्रीच्या नाटकाला न्यावं का, की तिथे लहान मुलं नसतात? वॉर्डाच्या आणि तालुक्याच्या व्हॉट्सॲप गटांत लगेच जावं का? आणि कामाचं कुणीतरी सांगा. ताडोबाचंही राहिलं.

वडसा_लाइन
नाटकाला नक्की न्या. झाडीपट्टीचे, म्हणजे आपल्या या धान-जंगलाच्या पट्ट्यातले, नाटक म्हणजे घरच्यांनी मिळून पाहायची गोष्ट, पाळण्यातल्या पोरापासून आजीपर्यंत सगळे असतात. कंपन्यांची कार्यालये वडशाला, म्हणजे देसाईगंजला. गावातले मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवते, तारीख घेते, मंडप घालते. हंगाम भाऊबीजेपासून होळीपर्यंत. याच रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, गावात ही गोष्ट काढली की लोक खुलतात.

कसे जायचे ते सांगतो. एकटे तिघे जाऊ नका, त्या गावातल्या एखाद्या घराचे पाहुणे म्हणून जा. म्हणूनच वर ताईंनी भाजीवालीचे गाव विचारून ठेवायला सांगितले ते बरोबर आहे. संध्याकाळी उजेडात गावात पोचायचे, त्यांच्याकडे जेवायचे. जाताना पोरांसाठी खाऊ न्या, पैसे देऊ करू नका, त्यांना वाईट वाटेल. नाटक दहा-साडेदहाच्या आत सुरू होत नाही आणि पहाटे चारपर्यंत चालते. मधे गाणी-नाच असतात, त्यांतले काही मुलीसमोर नको वाटेल असे असू शकते. ती तशीही बारापर्यंत झोपते. तिकीट खुर्चीचे आणि खाली बसायचे वेगळे. लहान मूल असेल तर खालचेच घ्या, तिला झोपायला जागा होते. सोबत जाड सतरंजी, दोन ब्लँकेट, कानटोपी, पाण्याची बाटली. डिसेंबरात दवाने अंथरूण ओले होते, म्हणून सतरंजीखाली प्लास्टिक टाका. ध्वनिक्षेपकापासून किमान पंधरा-वीस फूट दूर बसा. नाटक सुटल्यावर लगेच गाडी काढू नका. यजमानांकडे चहा घ्या, पूर्ण उजाडल्यावर निघा. त्या तासातच डुकरेही रस्त्यावर असतात आणि झोपेत गाडी चालवणारेही.

त्याच दिवशी दुपारी बहुधा शंकरपट असतो. बैलगाड्यांच्या शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कायम परवानगी दिल्यापासून पुन्हा जोरात आहेत. जोडी सुटते तिथे किंवा थांबते तिथे उभे राहू नका, बैल शेवटच्या टप्प्यात वळतात. पट्टीच्या मधल्या भागात, दोरीच्या चार हात मागे.

ताडोबाचे: पावसाळ्यात गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद, एरवी दर मंगळवारी बंद. आपल्याकडून चिमूरमार्गे कोलारा गेट सोयीचे. बुकिंग ऑनलाइन, मूळ ओळखपत्र सोबत लागते, तिकिटावरचे नाव आणि ओळखपत्र जुळले नाही तर गेटवरून परत पाठवतात. दिवाळीच्या सुट्ट्यांचे आधीच भरते. मुलीसाठी सकाळची फेरी घेतली तर नोव्हेंबरनंतर उघड्या जिप्सीत फार थंडी वाजते, जर्किन आणि मफलर लागेल. पवनीही एका दिवसात होते: जुना किल्ला आणि १९६९-७० च्या उत्खननात सापडलेल्या बौद्ध स्तूपाची जागा. महाशिवरात्रीला मार्कंडा मात्र गर्दीत नको, मंदिराचे कोरीवकाम पाहायचे तर आठ दिवस आधी किंवा नंतर.

धानाची_बांधी
व्हॉट्सॲपचे. शाळेचा गट आणि नळ-वीज कळते तो वॉर्डाचा गट, एवढ्यांत जा. तालुक्याच्या मोठ्या गटांत सहा महिने नको. नगर परिषदेत दोन-तीन गट असतात, आणि तुम्ही कुणाच्या निरोपावर अंगठा दाखवला तरी ‘बँकवाल्या मॅडम त्यांच्या बाजूच्या’ होतात. साहेब बँकेत आहेत, त्यामुळे हे जास्तच. कर्जासाठी ‘साहेबांना सांगा ना जी’ असे घरी येऊन म्हणतील. पहिल्याच वेळी सरळ सांगा की बँकेचे काम बँकेत. दुसऱ्यांदा सांगायला गेलात की उशीर झालेला असतो.

कोचईचं_पान
इथे थोडा फरक करते. बायांचे भजनी मंडळाचे आणि शिवणवर्गाचे गट असतात, त्यांत लवकर गेले तर बरे. तिथे राजकारण कमी, ‘उद्या कुणाकडे’ हे जास्त. आणि फोटोच्या जागी मुलीचा फोटो ठेवू नका.

गिरणीचा_मुनीम
कामाबद्दल. नागभीड परिसरात तुमच्या कामाचे चार प्रकारचे लोक आहेत: राइस मिल, कृषी केंद्रे, सहकारी संस्था (मच्छीमारांच्या आणि सेवा सहकारी) आणि शेतकरी उत्पादक कंपन्या. दारात जाण्याची वेळ प्रत्येकाची वेगळी.

मिलवाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी बोलायला रिकामा नसतो. सप्टेंबरमध्ये जा. जाताना एवढे तयार ठेवा: धानावर जीएसटी नाही, सुटा तांदूळ करमुक्त, पण २५ किलोपर्यंतच्या वेष्टनात भरलेल्या, लेबल लावलेल्या तांदळावर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के लागतो. लहान मिलमध्ये दोन्ही विक्री एकाच खात्यात टाकलेली असते आणि नोटीस आली की धावपळ होते. ती दोन खाती आणि त्यांचा साठा वेगळा करून देते म्हणालात तर ऐकून घेतील. कनकी (तांदळाची कणी) आणि कोंढा यांचीही वेगळी खाती ठेवा. सरकारी भरडाईत कच्च्या तांदळाचा उतारा ६७ टक्के धरतात, त्याच्याशी मिलचा साठा जुळवून दाखवता आला पाहिजे.

सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण ३१ जुलैपर्यंत आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला लागते. म्हणजे सभेची घाई आत्ताच आहे, याच महिन्यात सचिवांना भेटा. शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक शेतकरी असतात, शेतीत हुशार, पण एओसी-४, म्हणजे कंपनीच्या वार्षिक हिशेबाचा फॉर्म, वार्षिक सभेनंतर ३० दिवसांत भरावा लागतो हे कुणी सांगितलेले नसते आणि उशिराला रोजचा दंड चढतो. तुम्ही सनदी लेखापाल नसाल तर सही दुसऱ्याची लागेल हे सुरुवातीलाच सांगा. ब्रह्मपुरी किंवा नागपूरच्या एखाद्या सनदी लेखापालाशी तेवढी व्यवस्था करून ठेवा.

फुकट करून देऊ नका. पहिल्या महिन्याला कमी घेतले तरी चालेल, पण आकडा सांगा आणि लिहून द्या. इथे ओळखीत केलेल्या कामाचे नंतर पैसे मागणे फार अवघड जाते.

आणि वर्षाचा तांदूळ दुकानातून घेऊ नका. जानेवारी-फेब्रुवारीत ओळखीच्या कास्तकाराकडून धान घेऊन मिलवर भरडून घ्या. तीन माणसांना महिन्याला दहा किलो धरले तर १२० किलो तांदूळ, त्याला साधारण १ क्विंटल ८० किलो धान लागेल. भरडाई कापून कनकी घरी आणा, तिच्या आंबिलीसाठी शेजारीण मागायला येईल. ‘जुना की नवा?’ हे विचारायला शिका. नवा तांदूळ चिकट होतो, एका वाटीला दीड वाटी पाणी पुरते. वर्षभर मुरलेल्याला दोन ते सव्वादोन. एचएमटी मागाल तेव्हा हेही माहीत असू द्या की तो वाण याच तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधला. १९८३ मध्ये बांधीत वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षे पेरून. नाव त्या काळच्या मनगटी घड्याळावरून पडले. नांदेड म्हटले की बाहेरचा माणूस मराठवाडा समजतो. तुम्ही आपले नांदेड म्हणालात तर समोरचा कास्तकार खुर्ची पुढे सरकवेल.

सांगलीची_हिशेबनीस
हे सगळं वहीत उतरवून घेतलं. नंदी केवढा घ्यायचा? दुकानात अगदी वीतभरापासून मुलीच्या कमरेएवढे दिसले.

धानाची_बांधी
एक फुटाच्या आतलाच घ्या, चाकाचा. मोठा नंदी ओढून पोरगी चौथ्या घरी थकते आणि मग तो तुम्हाला उचलावा लागतो. चाकाची खीळ लाकडी आहे की लोखंडी ते पाहा, लाकडी ओल्याने फुगते आणि चाक फिरत नाही. दोरी कमरेच्या उंचीला येईल एवढी लांब बांधा. सजावटीला बेगड आणि झेंडूची माळ पुरे. पोळ्याच्या आदल्या बाजारीच घ्या, नंतर चांगले राहत नाहीत.

कोचईचं_पान
आणि मुलीच्या वर्गातली एखादी पोर सोबत घ्या ताई, म्हणजे कोणत्या घरी आधी जायचे ते तीच सांगेल.